सहल आयोजकहो, मे महिन्यात किनारा बदला

सोलापुरातील सर्व सहल आयोजक, टूर मॅनेजर आणि बुकिंग घेणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गड्डा यात्रा आटोपली की तुमची उन्हाळी सहलींची पत्रकं वर्तमानपत्रातून घरात पडायला लागतात. पूर्वी त्यात काश्मीर, कुलू-मनाली, फार तर केरळ असायचं. आता श्रीलंका, थायलंड, बाली असतं आणि वर ठळक अक्षरांत ‘निसर्ग, समुद्र, साहस’. मला त्याचं कौतुकच आहे. टॉवेलच्या कारखान्यातला सुपरवायझर, बँकेतला कारकून, बाळीवेशीतला किराणा दुकानदार, सगळे पासपोर्ट काढून बसलेत. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेले, तिथल्या माणसाला समुद्र बघावासा वाटणार, यात नवल ते काय.

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तुमच्यातले काही जण माझ्या वर्गात, बहुतेक मागच्या बाकावर, बसलेले आहेत. त्यामुळे या पत्रात कुठे आवाज चढला तर जुनी सवय समजून चालवून घ्या.

मुद्दा श्रीलंकेच्या सहलींचा आहे. शाळांचा निकाल १ मेच्या आसपास लागतो, मग लग्नं उरकतात आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात तुमच्या गाड्या सोलापुरातून मुंबई विमानतळाकडे निघतात. कार्यक्रम बहुतेकांचा एकच: सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया आणि शेवटचे दोन-तीन दिवस ‘बीच हॉलिडे’ म्हणून बेंटोटा किंवा हिक्काडुवा. म्हणजे श्रीलंकेचा नैऋत्य किनारा. आणि नैऋत्य मोसमी वारे कुठून येतात हे तुम्हाला सातवीत शिकवलं होतं.

आमच्या सोसायटीतलं एक कुटुंब असंच जाऊन आलं. आजी, आई-वडील, दोन मुलं. मुलांनी महिनाभर आधी गॉगल आणि पोहण्याचे कपडे आणून ठेवले होते. बेंटोटाला पोचले तर किनाऱ्यावर लाल झेंडा, लाटा पुरुषभर उंच आणि हॉटेलचा माणूस हात जोडून उभा की पाण्यात उतरू नका. वॉटर स्पोर्ट्स म्हणून जे काही झालं ते समुद्रात झालंच नाही, आत नदीच्या खाडीत झालं. राहिलेला वेळ भरायला टूर मॅनेजरने त्यांना एका रत्नांच्या दुकानात आणि दोन मसाल्यांच्या बागांत नेलं. आजींनी परत आल्यावर सांगितलं, ‘‘समुद्र नुसता लांबूनच बघून आलाव की ओ बाई. आणि जायफळ घेऊन आलाव.’’ जायफळ इथे बाजारात मिळतं.

यात त्या हॉटेलवाल्याचा दोष नाही. त्याने झेंडा लावला, अडवलं, त्याचं काम केलं. दोष पत्रक छापणाऱ्याचा आहे, कारण मे-जूनमध्ये त्या किनाऱ्यावर झेंडा लालच असणार हे कोणत्याही वर्षी आधीच सांगता येतं. मेच्या पहिल्या आठवड्यात एखादी शांत सकाळ सापडतेही, पण त्या आशेवर माणशी एवढे पैसे घेऊ नयेत.

आता मी काय सुचवते ते ऐका. त्यासाठी नकाशा लागेल. तुमच्या ऑफिसात भिंतीवर असतोच, त्यावरच्या टाचण्या जरा बाजूला करा.

श्रीलंका जेमतेम ६५,६०० चौरस किलोमीटरचा देश. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा मोठा. पण मध्ये डोंगराळ प्रदेश आहे, पिदुरुतलागला हे त्यातलं सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटरचं. मे ते सप्टेंबर वारे नैऋत्येकडून येतात, या डोंगरांना धडकतात, पश्चिम उतारावर धो-धो कोसळतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होतात. सह्याद्रीच्या बाबतीत हेच घडतं. महाबळेश्वरला पाऊस आणि सोलापूरला ढग. आपण ज्या पर्जन्यछायेत जन्मलो, वाढलो आणि पाण्यासाठी भांडलो, अगदी तशाच पर्जन्यछायेत मे-जूनमध्ये श्रीलंकेचा पूर्व किनारा असतो. त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे. बेंटोटाला लाल झेंडा फडकत असतो त्याच दिवशी निलावेलीला समुद्र सपाट, निळा आणि पोहण्याजोगा असतो.

तिकडच्या लोकांना हे इतकं पाठ आहे की त्यांच्या शेतीचे दोन हंगामही याच दोन मोसमांवर बेतलेले आहेत. ऑक्टोबरनंतर पेरायचा तो ‘महा’, ईशान्य मोसमी पावसाचा. आणि एप्रिल-मेपासूनचा तो ‘याला’. देशाचे ओला पट्टा आणि कोरडा पट्टा असे सरळ भाग पडतात. ओल्यात वर्षाला २,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस, कोरड्यात साधारण १,७५० च्या खाली. (आपल्याकडे साडेपाचशे पडला की आपण सरासरी गाठली म्हणतो, तेव्हा त्यांच्या ‘कोरड्या’ला हसू नका.) पूर्व किनाऱ्याचा पाऊस बहुतेक सगळा ऑक्टोबर ते जानेवारीत येऊन जातो. मे महिन्यात तिथे बाहेर चटई टाकून झोपलं तरी चालेल.

मी हा विषय काढला की तुमची उत्तरं ठरलेली असतात. एकाने मला फोनवर सांगितलं, ‘‘बाई, त्रिंकोमाली लांब पडतं.’’ कुठून लांब? कोलंबोपासून ते साधारण २६० किलोमीटर, म्हणजे सोलापूर-पुणे. रस्ता आपल्या हायवेसारखा नाही, सहा तास धरा. पण तुम्ही तर कोलंबोहून थेट जाणारच नाही. तुमची गाडी सिगिरिया-दांबुल्लाला आलेलीच असते. तिथून त्रिंकोमाली शंभर-सव्वाशे किलोमीटर, अडीच तासांचा रस्ता. तिथपर्यंत येऊन तुम्ही पाठ फिरवता आणि दक्षिणेला पावसात जाता. हे मला कधीच कळलेलं नाही.

दुसरं उत्तर, ‘‘तिकडे हॉटेलं नाहीत.’’ हे खूप जुनं झालं. यादवी युद्ध २००९ मध्ये संपलं. तोवर पूर्व किनारा पर्यटकांना जवळजवळ बंद होता आणि त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्याची धूळधाण केली होती. त्यानंतर मात्र पासिकुडा आणि निलावेलीला चांगली हॉटेलं उभी राहिली. तुमचे करार बेंटोटाच्या हॉटेलांशी आहेत, मे महिन्यात ती रिकामी असतात म्हणून दर पडलेला असतो आणि तो दर तुम्हाला सोयीचा पडतो, हे खरं कारण असावं. व्यवसाय आहे, मला समजतं. पण दर का पडला हे गिऱ्हाइकाला सांगायला नको?

आता या बाजूला काय काय मिळतं ते सांगते.

पासिकुडा हे आपल्यासारख्यांसाठीच केल्यासारखं आहे. उथळ उपसागर, वाळूचा तळ, आणि कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही. ज्या आजींनी नदीत पाय बुडवण्यापलीकडे पाणी अनुभवलं नाही, त्याही तिथे नातवाचा हात धरून बसतील. निलावेलीसमोर किलोमीटरभर अंतरावर पिजन आयलंड आहे, २००३ पासून राष्ट्रीय उद्यान. पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घेत तरंगायचं, खाली प्रवाळ, रंगीत मासे, आणि नशीब असेल तर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण तुमच्या गटातलं कोणी किंचाळून दुसऱ्याच्या अंगावर चढेल, म्हणून आधी सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट आधी सांगा: प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो. १९९८ साली समुद्राचं पाणी तापून हिंदी महासागरातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, हिक्काडुवाचं तर फारच. जे वाचलंय ते चपला घालून तुडवायला आपण जाऊ नये.

तरुण मंडळी असतील तर अरुगम बे. सर्फिंगचा मोसम तिथे एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत असतो आणि जगभरातून लोक येतात. मोठ्या लाटांची जागा वेगळी, शिकणाऱ्यांसाठी छोट्या लाटांची वेगळी. शेजारीच कुमना राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या दलदलीत याच दिवसांत पाणपक्ष्यांची वीण चालू असते. उजनीच्या काठावर रोहित पाहायला भिगवणपर्यंत जाणाऱ्या आपल्या पक्षिप्रेमींना हे कोणी सांगतच नाही. ‘याला’ नावाच्याच राष्ट्रीय उद्यानात बिबट्यामागे पन्नास जीपगाड्या धावतात त्या गर्दीत त्यांना बसवण्यापेक्षा कुमना कितीतरी बरं.

देवदर्शनाशिवाय आपली सहल पूर्ण होत नाही, तेही इथे आहे. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर कोणेश्वराचं मंदिर आहे. मूळ मंदिर पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आजचं नंतर बांधलेलं. सिद्धरामेश्वरांच्या गावातली माणसं आपण, शंकराला पाया पडायला कोणाची ना नसावी. जवळच कन्नियाचे गरम पाण्याचे झरे आहेत, सात विहिरींचे, आणि प्रत्येकीचं पाणी कमी-जास्त गरम. रावणाची कथाही त्याला जोडलेली आहे, तेव्हा तुमच्या ‘रामायण दर्शन’ पॅकेजमध्येही ते बसतं.

परतीच्या वाटेवर एल्ला घ्या, नुवारा एलिया नको. एल्ला उवा प्रांतात, म्हणजे डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. जूनमध्ये पश्चिमेकडचे चहाचे मळे धुक्या-पावसात बुडालेले असताना इकडे बरेचदा ऊन असतं. मेमध्ये दुपारनंतर एखादी गडगडाटी सर येईल, तेवढी धरून सकाळी चढाई उरकायची. ‘लिटल ॲडम्स पीक’ची चढण आपल्या साठीच्या मंडळींनाही झेपते. नऊ कमानींचा पूल आणि त्यावरून जाणारी आगगाडी बघायला मात्र रुळांवर उभं राहून सेल्फी काढू देऊ नका. सोलापूर रेल्वेचं विभागीय मुख्यालय असलेलं गाव आहे, आपल्याला रुळावर काय होतं हे ठाऊक असायला हवं.

तर मग मार्ग असा होतो: कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावरून सिगिरिया-दांबुल्ला, तिथून निलावेली, मग पासिकुडा, मग अर्धा दिवस प्रवास करून एल्ला आणि परत. रात्री तेवढ्याच लागतात. कोलंबोतली खरेदी अर्ध्या दिवसावर आणा.

सिगिरियाजवळ मिन्नेरियाचं नाव तुमच्या पत्रकात ‘हत्तींचा महामेळा’ म्हणून असतं, तेही मे महिन्याच्या सहलीत. तो मेळा मेमध्ये नसतो. मिन्नेरिया हा महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधलेला तलाव. कोरड्या पट्ट्यात पावसाचं पाणी अडवून शेती करणारे ते लोक, आपला एकरूखचा तलाव आठवावा. उन्हाळा लांबला की तलावाचं पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती त्यावर येतात, तो काळ जुलै अखेरपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंतचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिथे शेकड्यांनी हत्ती दिसतात. मेमध्ये दिसतील ते दिसतील, आणि ते मिन्नेरियात नसले तर शेजारच्या कौडुल्ला उद्यानात असतील, हे त्या दिवशी तिथला गाइडच सांगू शकतो. हत्ती हमखास पाहायचेच असतील तर वर्षभर दिसतात ते उडवलवेच्या उद्यानात. ‘महामेळा’ हा शब्द तेवढा काढा. ज्यांची मुलं शिकून बाहेरगावी गेली आणि सुट्ट्यांचं बंधन सुटलं अशी कितीतरी जोडपी आपल्या गावात आहेत. त्यांच्यासाठी ऑगस्टची वेगळी सहल काढा. पूर्वेचा समुद्र तेव्हाही शांत असतो, आणि हत्तीही असतात. मी स्वतः पहिल्या यादीत नाव देईन.

पूर्व किनाऱ्याची उणी बाजूही लपवत नाही. मेमध्ये तिथे ऊन कडक असतं. पारा चौतीस-पस्तीसला असतो, आपल्या बेचाळीस-त्रेचाळीसपुढे काहीच नाही असं वाटेल, पण दमटपणा असल्यामुळे घाम वाळत नाही. डोंगर उतरून येणारा कोरडा गरम वाराही त्या भागात वाहतो, तिथले लोक त्याला कच्चान म्हणतात. दुपारी अकरा ते तीन पाण्यात आणि वाळूत थांबू नये. बोटी सकाळी लवकर काढाव्यात. आणि दक्षिणेकडच्यासारखी रात्रीची झगमग तिथे नाही. ज्यांना ती हवी त्यांनी दुसरीकडे जावं.

आता समुद्राच्या भीतीबद्दल. खरं तर भीती नसण्याबद्दल. आपल्याला समुद्राची सवय नाही. कोकणातल्या पोराला लाट पाहून कळतं की आज उतरायचं नाही, आपल्या पोराला ती लाट म्हणजे फोटोची संधी वाटते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी वाटेवर अचानक सुटलेल्या वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण गेले. ते आपल्या घरचं पाणी होतं, रोजच्या वाटेवरचं. त्यानंतर तरी ‘‘लाइफ जॅकेट असतं ओ बोटीत’’ एवढ्यावर तुम्ही थांबू नये. जॅकेट बोटीत असून उपयोग नाही, अंगावर हवं, सगळे पट्टे आवळलेले हवेत आणि मापाचं हवं. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर मूल खाली सरकतं आणि जॅकेट वर राहतं. साडीवर किंवा ओढणीवर जॅकेट चढवलं की पट्टे नीट बसत नाहीत, आणि भिजलेली सहावारी पायात गुंतते. बायकांना हे सोलापुरातच, बायकांनीच सांगायला हवं, म्हणजे त्या तिथे संकोचून गप्प बसणार नाहीत. कुर्ता-लेगिंग चालतं, कोणी हसत नाही.

दुसरी गोष्ट, किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह. लाटांनी किनाऱ्याकडे आलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोरात मागे जातं. वरून ती जागा उलट शांत दिसते, लाटा फुटत नाहीत, म्हणून अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहायला बघतो, दमतो आणि बुडतो. तेव्हा दम न घालवता तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. लाल-पिवळा झेंडा असेल तिथे जीवरक्षक असतो, पोहायचं तिथेच. नुसता लाल असेल तर घोटाभर पाण्यातही नाही. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. बसमध्ये अंताक्षरी सुरू होण्याआधीची दहा मिनिटं मला द्या, मी येऊन सांगते.

त्याहून चांगलं, एप्रिलमध्ये शहरातल्या एखाद्या जलतरण तलावावर सहलीच्या मंडळींसाठी एक रविवार सकाळ ठेवा. मुखवटा लावून पाण्यात तोंड घालायचं, नळीत पाणी शिरलं तर फुंकून काढायचं, जॅकेट घालून पाठीवर तरंगायचं. कमरेएवढ्या पाण्यात हे एकदा केलेला माणूस पिजन आयलंडला घाबरत नाही. ज्याला तलावातच धाप लागली, रक्तदाबाचा त्रास आहे, त्याला तुम्ही तिथेच ओळखाल. खर्च नाममात्र आहे, आणि जाहिरातीला विषय मिळेल.

प्रवास विमा तुम्ही देता, ठीक. पण कित्येक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. राफ्टिंग, सर्फिंग, झिपलाइन त्यात येतं का, एवढं विचारून लेखी घ्या. राफ्टिंगवरून आठवलं: कितुलगलाला केलानी नदीवरचं राफ्टिंग छान आहे, पण ते ओल्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर आहे. नैऋत्य पाऊस सुरू झाला की नदी एका रात्रीत बदलते. त्या दिवशी तिथला माणूस नाही म्हणाला तर ‘‘आमचे पैसे भरलेत’’ असं त्याच्याशी भांडू नका. सिंहराजाच्या जंगलाचंही तसंच. जागतिक वारसा आहे, पाहण्याजोगंच आहे, पण पावसात जळवा पायावर चढतात. आपल्या माणसांना जळू म्हणजे आयुर्वेदातली एवढंच माहीत. मोठे घट्ट मोजे द्या.

प्राण्यांबद्दल थोडं. श्रीलंकेच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवांच्या सातपैकी पाच जाती अंडी घालतात. रस्त्याकडेला त्यांची उबवणी केंद्रं आहेत, तुम्ही तिथे थांबता, पिल्लू तळहातावर ठेवून फोटो काढायला देता. पिल्लाने अंड्यातून निघाल्यावर लगेच समुद्राकडे धावायचं असतं, टाकीत ठेवून हाताळण्यासाठी ते नसतं. आपल्याच महाराष्ट्रात वेळासला लोक कासवांची पिल्लं पाहायला जातात, दोरीमागे उभं राहतात, पिल्लं स्वतः चालत पाण्यात जातात आणि बघणाऱ्यांचं मन भरतं. तो नियम परदेशात गेल्यावर का विसरायचा? हत्तीवर बसवण्याचंही बंद करा. नान्नजचा माळढोक पाहायला एकेकाळी देशभरातून माणसं सोलापूरला यायची, आता तो दिसला तर बातमी होते. आपल्या गावाने तरी जनावरांच्या बाबतीत जरा सांभाळून वागावं.

हा सगळा हिशेब श्रीलंकेपुरता नाही. थायलंडमध्ये फुकेत आणि क्राबी अंदमान समुद्राच्या बाजूला, तिथे मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला. त्याच वेळी पलीकडच्या आखातातलं को सामुई बरं असतं. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिथला कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीला ते अगदी जमतं. मलेशियाची पूर्वेकडची बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ बंदच असतात. तुमच्या दिवाळीच्या पत्रकात श्रीलंका असते, ती मात्र काढाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथे दोन मोसमांच्या मधला काळ, पाऊस दोन्ही बाजूंना पडतो, बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. नाताळच्या सुट्टीत मात्र तुमचा जुना मार्ग उत्तम. बेंटोटा, उनावाटुना, मिरिस्साला निळे देवमासे. तेव्हा पूर्वेला जाऊ नका. देवमाशांच्या मागे बोट घेऊन धावू नका म्हणून बोटवाल्याला सांगा, शंभर मीटर अंतर ठेवायचा नियम आहे.

मी मागते ते फार नाही. पत्रकावर प्रत्येक समुद्राच्या मुक्कामाखाली एक ओळ छापा: या महिन्यात इथे पोहता येतं की नाही. समुद्र बंद असल्यामुळे एखादी गोष्ट झाली नाही तर तिचे पैसे परत मिळणार की नाही, तेही लिहा. आणि रत्नांच्या दुकानात किती वेळ जाणार हे कार्यक्रमपत्रिकेत आधी दाखवा, म्हणजे ज्याला जायचंय तो जाईल आणि ज्याला नको तो वाळूत बसेल. तुमच्यातला जो पहिल्यांदा हे करेल त्याच्याकडे आमच्या सोसायटीतली निदान तीन कुटुंबं येतील, मी स्वतः पाठवीन. ती बेंटोटाला जाऊन आलेली आजी तर आजही विचारते, पोहायचा समुद्र कुठल्या ऑफिसात मिळतो म्हणून.

नकाशा घेऊन मी कोणाच्याही ऑफिसात यायला तयार आहे. पार्क चौक असो की जुळे सोलापूर. फक्त दुपारी बोलावू नका, उन्हाचं मला आता झेपत नाही.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
सोलापूर

ता. क. दोन गोष्टी राहिल्या. मे महिन्यात बहुतेकदा बुद्धपौर्णिमा येते, तिथे तिला वेसाक म्हणतात. रस्तोरस्ती आकाशकंदील लागतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाढतात. तारीख बघून सहल आखलीत तर ते बघायला मिळेल. मात्र प्रत्येक पौर्णिमेला तिथे सुट्टी असते आणि दारूची दुकानं बंद, तेवढं ‘त्या’ मंडळींना आधी सांगून ठेवा. दुसरं, शाकाहारी लोकांना ओल्या नारळाचा लालभडक संबोल वाढतात, आपल्या चटणीसारखा दिसतो आणि आपली माणसं त्यावर तुटून पडतात. त्यात बहुतेकदा सुक्या माशाचा चुरा असतो. स्वयंपाक्याला आधी सांगितलं तर तो बिनमाशाचा करून देतो. तोवर शेंगादाण्याची चटणी बरोबर असू द्या.